डब्लिनला इंग्रजी शिकायला चाललाय, पण राहणार कुठे?

प्रश्न : ताई, मी साताऱ्याची, वय २८, फिजिओथेरपिस्ट. शाळा सगळी मराठी माध्यमातली, वाचलेलं इंग्रजी कळतं पण बोलायची वेळ आली की दातखीळच बसते. साठवलेल्या पैशातून मे-जूनमध्ये डब्लिनला आठ आठवड्यांचा इंग्रजीचा कोर्स करायचं ठरवलंय. आता राहायचं कुठे यावरून घरात रोज वाद. तिथली शाळा म्हणते होस्ट फॅमिली घ्या नाहीतर स्टुडंट रेसिडेन्स. आईच्या मावसबहिणीची मुलगी डब्लिनजवळ लुकनला असते, ती म्हणते खोली रिकामीच आहे, ये माझ्याकडे, भाडं नको. आईचं म्हणणं, फुकटात घरचं वरणभात मिळतंय तर परक्याच्या घरी कशाला? मी शाकाहारी आहे, अंडंही खात नाही. आणि तिथे पार्टटाइम काम करून खर्च निघेल का?

उत्तर : अगं, शेवटचं आधी सांगून टाकते. आठ आठवड्यांसाठी तुला नव्वद दिवसांच्या आतला सी व्हिसा लागेल आणि त्यावर काम करता येत नाही, अजिबात नाही. काम करता येतं ते स्टॅम्प २ वर (म्हणजे लांबच्या कोर्सच्या विद्यार्थ्यांना तिथे राहायला मिळते ती परवानगी), त्याला निदान २५ आठवड्यांचा कोर्स लागतो, तोही सरकारी यादीतला. तेव्हा सगळा खर्च साताऱ्याहूनच बांधून ने.

आता लुकनची ताई. तिचं मन मोठं आहे यात शंका नाही, पण हिशोब बघ. असे कोर्स साधारण आठवड्याला १५ तासांचे असतात, म्हणजे दिवसाला तीन तास. बाकीचा दिवस तू ज्या घरात राहशील त्या घराची भाषा बोलणार. ताईकडे संध्याकाळी चहा होणार, मग आईला व्हिडिओ कॉल, मग तिच्या मुलांना "आजी काय म्हणते" हे मराठीत सांगणं, आणि आठ आठवड्यांनी तुझं मराठी आणखी छान झालेलं असेल. आईला सांग की वरणभात फुकट नाहीये, कोर्सची फी भरून खातोय आपण तो.

मी स्वतः तिथे नऊ आठवडे होस्ट फॅमिलीत होते. दुसऱ्याच दिवशी घरच्या बाई म्हणाल्या, ओले टॉवेल हॉट प्रेसमध्ये ठेव. मला वाटलं इस्त्री करायला सांगतायत, मी टॉवेल खांद्यावर टाकून घरभर इस्त्री शोधत हिंडले. तर तिकडे प्रेस म्हणजे कपाट आणि हॉट प्रेस म्हणजे गरम पाण्याच्या टाकीचं कपाट, कपडे वाळवायला. त्या जेवण झाल्यावर म्हणायच्या "आयॅम आफ्टर इटिंग", मला वाटायचं जेवणानंतर काहीतरी करायचंय, पण त्याचा अर्थ आत्ताच जेवले. हे कुठल्या वर्गात शिकवतात गं? चूक झाली की त्या हसायच्या, मीही हसायचे, आणि तिथेच माझी भीती मोडली.

अर्थात सगळीच घरं अशी नसतात. माझ्याबरोबरच्या एकीला असं घर मिळालं की ताट खोलीत आणून ठेवायचे आणि स्वतः टीव्हीसमोर बसायचे, ती शेवटपर्यंत कोणाशी धड बोलली नाही. म्हणून पैसे भरायच्या आधी शाळेला ईमेल कर आणि उत्तर लेखी घे. घरात सगळे एकत्र जेवतात का. आणखी किती विद्यार्थी आहेत आणि ते कुठले (जूनमध्ये स्पेन-इटलीची पोरं झुंडीने येतात, दोन स्पॅनिश मुली एकत्र असल्या की त्या आपसात स्पॅनिशच बोलणार). कुठल्या नंबरची बस आणि गर्दीच्या वेळी किती वेळ लागतो, कारण नकाशावरचं अंतर बघून फसायला होतं, ड्रमकॉन्ड्रा किंवा फिब्सबरो मिळालं तर चालतही येशील पण टाला मिळालं तर रेड लाइन लुआसने, म्हणजे ट्रामने, रोजचा प्रवास. लीप कार्डवर (बस-ट्रामचं प्रवासाचं कार्ड) ९० मिनिटांचं तिकीट २ युरो, आठवड्याचे पाच दिवस येऊन जाऊन २० युरो झाले, ते भाड्यात मिळवूनच तुलना कर.

खाण्याचं मात्र नीट फोड करून लिही. नुसतं "व्हेजिटेरियन" लिहिलंस तर मासे चालतात असं समजणारे भेटतात आणि सूप चिकनच्या पाण्यात केलेलं असू शकतं. अंडं नाही, मासा नाही, मांसाचा स्टॉक नाही असं एकेक लिही. हाफ बोर्ड म्हणजे सकाळचा नाश्ता आणि संध्याकाळचं जेवण, दुपारचं तुझं तू बघायचं. जेवण बहुतेक सहाला असतं, आपल्याकडे तेव्हा भेळ खातो! स्वयंपाकघर वापरू देतात का हेही विचार, देत असले तरी पहिल्याच आठवड्यात हिंगाची फोडणी नको.

रेसिडेन्सचं थोडक्यात सांगते. उन्हाळ्यात कॉलेजांच्या रिकाम्या खोल्या भाड्याने देतात, आपली खोली, बऱ्याचदा आपलं बाथरूम, किचन सगळ्यांचं मिळून. खिचडी करता येते, कोणी वेळ विचारत नाही. पण बोलायला कोण मिळेल ते नशीब, डब्लिनमध्ये इंग्रजी शिकणाऱ्यांत ब्राझीलचे खूप आहेत, तुझ्या किचनमध्ये पोर्तुगीज चालू असलं तर तू कोपऱ्यात खिचडी ढवळत बसणार.

मी तुझ्या जागी असते तर आठही आठवडे एकदम बुक केले नसते. पहिले चार होस्ट फॅमिली, आणि पुढचं घर बदलायचं झालं तर किती दिवस आधी कळवायचं ते शाळेकडून लिहून घ्यायचं. दर रविवारी लुकनला जा, ताईकडे पोटभर जेव, डबा भरून आण. मेथीचे लाडू तिच्यासाठी ने, रागावणार नाही. आणि चौकोनी तीन पिनांचा अडॅप्टर इथूनच घे.

प्रश्न : माझा मुलगा २५ आठवड्यांच्या कोर्सला डब्लिनला जातोय. त्याला फेसबुकवर एक खोली मिळाली. मालक म्हणतो मी सध्या परदेशात आहे, तीन महिन्यांचं भाडं पाठवा, चावी कुरिअरने देतो. फोटो सुंदर आहेत. – एक वडील, पुणे

उत्तर : काका, एक रुपयाही पाठवू नका. २०२१ पासून तिथल्या कायद्याने घरमालकाला जास्तीत जास्त एक महिन्याचं डिपॉझिट आणि एक महिन्याचं आगाऊ भाडं एवढंच मागता येतं, तीन महिने मागतोय तिथेच ओळखा. आणि चावी काय कुरिअरने येते होय? सुरुवातीचे तीन-चार आठवडे शाळेमार्फत राहू दे, मग स्वतः जाऊन खोली बघू दे, दारातून आत पाय टाकल्याशिवाय पैसे नाहीत. मालक त्याच घरात राहत असला तर मुलगा कायद्याने भाडेकरू धरला जात नाही, तेव्हा खोली कधी आणि किती दिवसांच्या नोटिशीवर सोडायची हे कागदावर घ्या. शिवाय जाहिरात शेवटपर्यंत वाचायला सांगा त्याला, काही खोल्या फक्त सोमवार ते शुक्रवार असतात, शनिवारी-रविवारी मालकाला घर मोकळं हवं असतं आणि तुमचा मुलगा बॅग घेऊन रस्त्यावर.