जिनोडमध्ये बिल्ड नीट होतं, तरी माझा कंपोनंट चालू का होत नाही?

तुम्ही म्हणताय की जिनोडमध्ये (सुट्या कंपोनंटांपासून ऑपरेटिंग सिस्टिम बांधायच्या चौकटीत) बिल्ड एकही एरर न देता पार पडतं, पण बूट झाल्यावर तुमचा कंपोनंट एक ओळसुद्धा छापत नाही, आणि 'बिल्ड.कॉन्फ' ही बिल्डच्या सेटिंगची फाइल चारदा तपासून झालीय. पाचव्यांदा तपासू नका. घोळ बहुतेक तिथे नाहीच.

त्या फाइलचं काम फार छोटं आहे. सोर्स कुठल्या रिपॉझिटरींत शोधायचा, कर्नल कुठलं, बोर्ड (म्हणजे कुठलं हार्डवेअर) कुठला, मुख्यतः एवढंच. बेस, ओएस, डेमो या रिपॉझिटरी आधीपासून चालू असतात. लिबपोर्ट्ससारख्यांच्या ओळी कॉमेंट केलेल्या असतात. बिल्डला टार्गेटच (जे बांधायचं ते) सापडत नसेल तर त्या ओळीपुढचा हॅश (#) काढायचा राहिलाय. संपलं.

खरा कारभार चालतो कोर आणि इनिटमध्ये. कोर कर्नलच्या लगेच वर बसतो आणि मेमरी, सीपीयू, इंटरप्ट, रॉम मॉड्यूल (बूट इमेजमधल्या फाइली), लॉग असा कच्चा माल सेवांच्या रूपात देतो. फाइल सिस्टिम त्यात नाही, टायमरसुद्धा नाही! इनिट हे कोरचं अपत्य, आणि बाकी सगळे इनिटची मुलं. कुठल्या मुलाला किती रॅम, किती कॅप्स (कॅपॅबिलिटी, म्हणजे सिस्टिममधल्या वस्तू वापरायचे हक्क), आणि त्याने सेवा मागितली तर कोणाच्या दारात पाठवायचं, हे पालक ठरवतो. मुलाच्या कोडमध्ये यातलं काही नसतं.

मी स्वतः इथेच आपटलोय. कंपोनंटमध्ये टायमर वापरला, रन स्क्रिप्टच्या (काय बांधायचं आणि कसं बूट करायचं ते सांगणाऱ्या फाइलच्या) बिल्ड यादीत टायमर घातला, बायनरी बूट इमेजमध्ये दिसतही होती. पण इनिटच्या कॉन्फिगमध्ये टायमरचा स्टार्ट नोड, म्हणजे त्याला सुरू करायला सांगणारी नोंद, लिहिलाच नव्हता. अर्धा दिवस मेकचं आउटपुट चाळत बसलो. सीरियल लॉगमध्ये इनिटने केव्हाच सांगून ठेवलं होतं की टायमर सेवेला रूट (मागणी पोचवायचा मार्ग) नाही.

रॅम कमी पडली तर प्रकार आणखी फसवा. कंपोनंट मरत नाही, नुसता अडून राहतो, आणि लॉगमध्ये 'रिक्वेस्ट्स रिसोर्सेस' अशी ओळ येते. ती दिसली की त्याच्या स्टार्ट नोडमधला कोटा वाढवा. कॅप्सचंही तसंच.

उदाहरणांत 'एनी-सर्व्हिस' पालकाकडे, नाहीतर कुठल्याही भावंडाकडे, असा सरसकट डीफॉल्ट रूट असतो आणि आपण सगळेच तो उचलतो. शिकताना चालेल. पण कोणालाही कोणाचीही सेवा मिळणार असेल, तर जिनोड घेतलं कशाला?

आता आधी 'मेक रन/लॉग कर्नल=लिनक्स बोर्ड=लिनक्स' चालवा. यात सगळे कंपोनंट साध्या लिनक्स प्रोसेस म्हणून उठतात, क्यूईएमयू या एम्युलेटरची भानगड नाही. हे चाललं आणि तरीही तुमचा कंपोनंट गप्प असेल, तर रन स्क्रिप्टमधला इन्स्टॉल-कॉन्फिगचा भाग आणि इनिटचा लॉग इथे डकवा. बिल्डचं आउटपुट नको.