मनाई करूनही पान शोधात का दिसते?

प्रश्न : माझ्या संकेतस्थळावरील जुन्या मसुद्यांची पाने कोणाला शोधात सापडू नयेत, म्हणून मी शोधयंत्रांना सूचना देणाऱ्या रोबॉट्स डॉट टीएक्सटी या फाइलमध्ये त्या फोल्डरसाठी ‘डिसअलाउ’ची, म्हणजे मनाईची, ओळ लिहिली, शिवाय प्रत्येक पानावर ‘नोइंडेक्स’ची, म्हणजे ‘सूचीत घेऊ नये’ अशी, खूणही घातली. तरीही काही पत्ते गूगलच्या निकालांत वर्णनाविना दिसतातच. माझे काय चुकले?

उत्तर : आपण दोन्ही उपाय एकाच वेळी योजलेत, आणि घोटाळा तिथेच झाला. ‘डिसअलाउ’ची ओळ क्रॉलरला, म्हणजे शोधयंत्रासाठी पाने वाचत फिरणाऱ्या प्रोग्रॅमला, पान उघडण्यास मनाई करते, ते पान सूचीत घेऊ नये, असे ती कुठेही सांगत नाही. दुसऱ्या एखाद्या संकेतस्थळाने आपल्या पानाचा दुवा दिला असेल, तर शोधयंत्राला पत्ता तिथून कळतो आणि आतला मजकूर न वाचताही ते तो निकालांत दाखवू शकते. वर्णन नसते ते यामुळेच. ‘नोइंडेक्स’ची खूण मात्र पानाच्या आत असते, आणि पान उघडायलाच बंदी असल्याने ती क्रॉलरच्या नजरेस पडत नाही. म्हणून त्या फोल्डरची मनाई उठवावी, खूण तशीच ठेवावी आणि क्रॉलर पुन्हा येऊन जाईपर्यंत धीर धरावा. ही खूण थेट रोबॉट्स फाइलमध्ये लिहिण्याचा सल्ला जुन्या लेखांत आढळतो. १ सप्टेंबर २०१९ पासून गूगल ती तिथे मानत नाही.

आपण सोबत पाठवलेल्या फाइलमध्ये आणखी एक चूक आहे. तारांकित गटात, म्हणजे सर्व क्रॉलरसाठीच्या (*) गटात, आपण पाच मनाया लिहिल्या आहेत आणि खाली ‘गूगलबॉट’ या गूगलच्या क्रॉलरसाठी वेगळा गट करून त्यात एकच. स्वतःच्या नावाचा गट सापडला की क्रॉलर तारांकित गटाकडे पाहत नाही, त्यामुळे वरच्या पाचही ओळी गूगलबॉटला लागू होत नाहीत. त्या त्याच्या गटात पुन्हा लिहाव्या लागतील. बदलाचा परिणाम लगेच दिसला नाही तरी गोंधळू नये, कारण क्रॉलर ही फाइल साधारणतः २४ तासांपर्यंत साठवून ठेवतात.

मसुदे खरोखरच खासगी असतील, तर मात्र यांपैकी काहीच पुरेसे नाही. मार्टाइन कोस्टर यांनी १९९४ मध्ये मांडलेला रोबॉट्स फाइलचा हा संकेत २०२२ मध्ये आरएफसी ९३०९ या इंटरनेट मानकाच्या दस्तऐवजाने प्रमाणित झाला, पण तो पाळणे क्रॉलरच्या सौजन्यावरच राहिले. शिवाय ही फाइल कोणालाही उघडून वाचता येते, म्हणजे लपवायच्या फोल्डरचा पत्ता आपणच जाहीर करतो. अशा पानांना पासवर्ड लावावा.