टेस्लाने आपली पेटंट सगळ्यांना खुली का केली? यात कंपनीला काय मिळालं?

दानधर्म नाही, धंदाच आहे. आमच्या वरूड-मोर्शीकडे एकट्यानंच संत्रा लावला असता तर व्यापारी फिरकलाच नसता. गावोगाव बागा झाल्या म्हणून तो बांधावर येतो. जून २०१४ मध्ये इलेक्ट्रिक गाड्या बनवणाऱ्या टेस्लाचे प्रमुख इलॉन मस्क यांनी पेटंट खुली केली, तेव्हा खरी स्पर्धा पेट्रोलच्या गाड्यांशीच होती. इलेक्ट्रिक गाड्या बनवणारे वाढले की चार्जर, बॅटऱ्या, मेकॅनिक सगळंच वाढतं.

अटही बघा: पेटंट वापरणाऱ्यानं टेस्लावर पेटंटचा दावा ठोकायचा नाही, नकली मालही विकायचा नाही. फुकट कसलं!

टोयोटा तर याहून हिशेबी. २०१५ मध्ये हायड्रोजन गाड्यांची पेटंट २०२० अखेरपर्यंतच मोफत, हायड्रोजन पंपांची मात्र बेमुदत. पंप दुसऱ्यांनी उभारले तरच यांची गाडी खपणार ना!