सात सेकंदांत बोलून घ्या

प्रिय होतकरू लेखिके,
अनेक आशीर्वाद.

तुझं हस्तलिखित वाचून झालं. आधी नुसती गोष्ट म्हणून वाचलं, मग पेन्सिल घेऊन. मुलगी जिवंत उतरली आहे, तिच्या तोंडची भाषा तिचीच वाटते. तक्रार एकच आहे, पण ती पुस्तकभर पसरली आहे. तुझी नायिका एका प्रकरणात पोहते आणि पुढच्या प्रकरणात प्रेमात पडते. मधे कपडे बदलायची खोली. त्यामुळे पोहण्याची प्रकरणं माहितीपटासारखी झाली आहेत आणि प्रेमाची प्रकरणं कुठल्याही कॉलेजकथेत चिकटवली तर खपून जातील. तो मुलगा पोहणारा नसून बुद्धिबळपटू असता तर त्या पानांत काय बदललं असतं? मला तरी काही सापडलं नाही. म्हणून सगळ्यात आधी प्रेमाला पाण्यात उतरव.

पोहताना बोलता येत नाही, याची तुला अडचण वाटली असणार. दर वेळी तू दोघांना बाहेर काढून बाकावर बसवतेस आणि मग ती दोघं पानंच्या पानं बोलतात. अगं, बोलता न येणं हाच तर तुझा फायदा आहे. सरावाचा एक साधा सेट घे. १०० मीटर फ्रीस्टाइल, दहा वेळा, १:४० वर. म्हणजे दर एक मिनिट चाळीस सेकंदांनी पुढचे शंभर सुरू. लवकर आलीस तर उरलेला वेळ विश्रांती. ती १:२८ ला भिंतीला येते. १२ सेकंद उरले. तो तिच्याच लेनमध्ये, ५ सेकंद मागून निघालेला, तिच्याच वेगाचा. तो येईपर्यंत तिचे ५ सेकंद गेले. राहिले ७. त्यात धाप आहे, गॉगलमधलं पाणी काढणं आहे, भिंतीवरच्या घड्याळावर एक डोळा आहे. एवढ्यात माणूस काय बोलेल?

"काल का नव्हतीस?"

आणि ती निघालीसुद्धा. उत्तर शंभर मीटरनंतर. तेवढ्या अंतरात ती उत्तर जुळवते, खोडते, पुन्हा जुळवते आणि भिंतीला लागल्यावर भलतंच काहीतरी बोलून बसते. इकडे ती निघून गेल्यावर तो ५ सेकंद भिंतीशी एकटा उभा असतो. त्या वेळात त्याचा चेहरा कसा होतो, हे तिला कधीच दिसणार नाही. वाचकाला दाखवायचं की नाही, ते तू ठरव. मी असते तर लेनमधल्या तिसऱ्या मुलाला दाखवलं असतं.

आणखी एक गोष्ट तुझ्या हाताशी असून तू वापरलेली नाहीस. मागचा पोहणारा पुढच्यापेक्षा वेगवान असला की तो पुढच्याच्या तळपायाला बोट लावतो. अर्थ इतकाच की भिंतीशी थांब, मला पुढे जाऊ दे. रोजची रीत आहे, कुणी मनावर घेत नाही. पण पंधरा-सोळाव्या वर्षी एका विशिष्ट माणसाचं बोट लागलं तर? आणि तो रोज लावत असेल आणि आज, वेगात असूनही, त्याने लावलं नसेल तर? तुझ्या पाचव्या प्रकरणातल्या पावसातल्या भेटीपेक्षा मला हे जास्त खरं वाटतं. (पावसातली भेट काढून टाक. तलावावर रोज भिजणाऱ्या मुलांना पावसाचं कसलं कौतुक!)

आता नजरेबद्दल. नवव्या प्रकरणात ती १०० मीटर बटरफ्लायच्या शर्यतीत पोहता पोहता गॅलरीत बसलेल्या त्याला बघते. शक्य नाही. बटरफ्लायमध्ये श्वास घेताना हनुवटी पाण्याच्या पृष्ठभागालगत असते, पुढचं पाणी दिसलं तरी पुष्कळ. बॅकस्ट्रोकमध्ये छत किंवा आभाळ. फ्रीस्टाइलमध्ये तळाची काळी पट्टी आणि मान वळवली की एका बाजूची लेन. त्यातही गंमत बघ. ती फक्त उजवीकडे श्वास घेत असेल, तर जाताना उजवीकडची लेन दिसेल. टर्न मारून परतताना तिची उजवी बाजू बदललेली असते, म्हणजे आता दुसराच शेजारी. शेजारच्या लेनमधला माणूस ५० मीटर दिसतो आणि पुढचे ५० मीटर नाहीसा होतो, श्वासाची बाजू बदलल्याशिवाय. सरावात हे जरूर वापर. कोणता स्ट्रोक निवडतेस त्यावर निवेदकाला काय दिसणार ते ठरतं, आणि जे दिसत नाही त्याची कल्पना करण्यातच पहिल्या प्रेमाचा बराचसा वेळ जातो.

त्याच शर्यतीतल्या चुका पटकन सांगते. ती उडी मारून अर्धा तलाव पाण्याखालून जाते, असं तू लिहिलंस. ५० मीटरच्या तलावात ते २५ मीटर झाले. बटरफ्लायमध्ये १५ मीटरच्या आत डोकं पाण्याबाहेर यायलाच हवं, नाहीतर बाद. फॉल्स स्टार्टनंतर तिला दुसरी संधी मिळते, तीही आता मिळत नाही. आणि हीट्समधून, म्हणजे प्राथमिक फेऱ्यांतून, सर्वांत वेगवान ठरलेल्या मुलीला तू पहिल्या लेनमध्ये ठेवलंस. आठ लेनच्या तलावात तिला चौथी मिळते, दुसऱ्या क्रमांकाच्या मुलीला पाचवी. पोहणारा वाचक अशा ठिकाणी पुस्तक मिटतो.

'त्याच्या डोळ्यांत ती बुडाली', 'भावनांची लाट उसळली', 'मनाचा तळ ढवळून निघाला' हे सगळं मी पेन्सिलने उडवलं आहे. पोहण्याच्या कादंबरीत पाण्याच्या उपमांना बंदी. खरं पाणी समोर असताना उसनं कशाला? आणि त्याच्या केसांना येणारा तो 'क्लोरीनचा स्वच्छ वास'! तलावावर नाकाला झोंबतो तो वास स्वच्छतेचा नसतो. क्लोरीनचा घाम आणि लघवीशी संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतात, त्यांचा असतो. नायिकेला हे माहीत असेल आणि तरीही तो वास आवडत असेल, तर मात्र ठेव. मग ती खरोखरच प्रेमात आहे.

मला या मुलीत सगळ्यात जास्त रस कुठे वाटला सांगते. ती घड्याळावर वाढलेली आहे. तिचं सगळं आयुष्य फलकावर दिसतं, शतांश सेकंदापर्यंत. १९७२ साली म्युनिक ऑलिंपिकला ४०० मीटर मेडलीचं (एकाच शर्यतीत चारही स्ट्रोक) सुवर्णपदक सेकंदाच्या दोन सहस्रांशांनी ठरलं. स्वीडनचा गुन्नार लार्सन जिंकला, अमेरिकेचा टिम मॅकी हरला. पुढे नियम बदलला. आता शतांशापर्यंतच मोजतात आणि तिथे सारखे आले तर बरोबरी. म्हणून २०१६ साली रिओत १०० मीटर बटरफ्लायमध्ये अमेरिकेचा फेल्प्स, दक्षिण आफ्रिकेचा ले क्लोस आणि हंगेरीचा चेह असे तिघं ५१.१४ वर आले आणि तिघांनाही रौप्यपदक मिळालं. अशा जगातल्या मुलीला कुणीतरी आवडतं आणि त्याचा फलकच नाही. ती काय करेल? मोजायला लागेल. तिच्या सरावाच्या वहीत मला अशी नोंद वाचायला आवडेल: '१०० × १०, १:४० वर. शेवटचे तीन १:२६. तो आज सहाव्या लेनमध्ये होता. का?' तुझ्या तीन पानांच्या स्वगतापेक्षा हा 'का?' मोठा आहे.

टेपरचा काळही तू दोन ओळींत उरकलास. स्पर्धेच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत सराव कमी करतात, अंगातला थकवा ओसरतो आणि मुलांना स्वतःचं काय करावं ते सुचत नाही. चिडचिड, नसती दुखणी, रात्री टक्क जाग. भांडण लावायचंय ना? इथे लाव. कारण शोधावंही लागणार नाही.

शेवट मात्र बदलावा लागेल. ती जिंकते आणि त्याच संध्याकाळी तो कबुली देतो, म्हणजे पदकावर मुलगा मोफत. मुलामुलींच्या शर्यती वेगळ्या असल्याने तू दोघांना एकमेकांचे प्रेक्षक करून टाकलंस. त्यांना मिश्र मेडली रिलेत घाल ना. दोन मुली, दोन मुलगे. बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक, बटरफ्लाय, फ्रीस्टाइल हा क्रम ठरलेला, पण कोणत्या टप्प्याला कोण हे संघ ठरवतो. टोकियोत, २०२१ मध्ये, हा प्रकार ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आला. ती फायनल मिळवून बघ. अमेरिकेची लिडिया जेकोबी उडी मारते आणि तिचा गॉगल घसरून तोंडाशी येतो. केलेब ड्रेसल शेवटच्या टप्प्याला उतरतो तेव्हा पुढे इतकं अंतर असतं की अमेरिका पाचवी येते. ब्रिटनच्या शेवटच्या टप्प्याला ॲना हॉपकिन असते आणि सुवर्ण ब्रिटनचं.

तुझी नायिका तिसरी, बटरफ्लायला. तो चौथा. शेजारच्या लेनमध्ये त्या टप्प्याला मुलगे असतील, त्यामुळे ती जिवाच्या आकांताने पोहूनही मागे पडलेली दिसेल. तो ब्लॉकवर, म्हणजे उडी मारायच्या चौथऱ्यावर, वाकून तिच्याकडे बघत असेल. इतकं एकटक त्याने तिच्याकडे कधीच पाहिलेलं नाही, आणि तेव्हा तो फक्त तिचे हात बघतोय. तिचे दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागले पाहिजेत. त्याने झेप घ्यायला आधीच सुरुवात करायची, पण पाय ब्लॉकवरून सुटायचे ते तिचा स्पर्श झाल्यावरच. एक क्षण लवकर सुटले तर चौघंही बाद. तुझी सगळी प्रेमकथा या अदलाबदलीत मावते, कबुलीची गरजच उरत नाही. रिले जिंकायची की हरायची, ते तुझं तू बघ. मला चौथा क्रमांक आवडेल.

दोन किरकोळ गोष्टी. सोळा वर्षांच्या मुलामुलींच्या अंगाचं वर्णन करताना एकदोन ठिकाणी नजर मोठ्या माणसाची झाली आहे. ती वाक्यं काढ. त्या वयात मुलं स्वतःच्या खांद्यांना लाजत असतात, गॉगलच्या वळांना लाजत असतात, तेवढं पुरे. आणि नायिकेवर 'जीव लावणारे' ते तरुण कोच तुला गोड वाटतात, मला नाही. ज्याच्या हातात संघनिवड आहे त्याचं तसलं लाडीगोडीचं वागणं कथेत ठेवायचंच असेल, तर कुणालातरी ते खटकू दे.

नायिकेच्या वेळांचा एक तक्ता कर. तिसऱ्या प्रकरणात तिचं १०० बटरफ्लाय १:०९ आहे आणि अकराव्या प्रकरणात १:१२ झाल्यावर सर तिच्या प्रगतीबद्दल पाठ थोपटतात. रिलेचं प्रकरण आधी लिहून पाठव, बाकीचं नंतर.

तुझी,
ताई