आवड कोणाची?

प्रश्न : ऑफिसात लंचला आमचा ठरलेला वाद असतो. एका मित्राचं म्हणणं, बायकांना पगार कमी मिळतो तो भेदभावामुळे नाही, चुरशीची कामं त्यांनाच नको असतात. सर, अर्थशास्त्रात याचं उत्तर आहे का?

उत्तर : आहे, पण मित्राला हवंय तेवढं सरळ नाही. गंमत म्हणजे अमेरिकन अर्थतज्ज्ञ गॅरी बेकरनी १९५७ मध्ये भेदभावाचा हिशोब मांडला तेव्हा आवडनिवड धरली होती ती भेदभाव करणाऱ्याची, म्हणजे मालकाला अमुक लोक कामावर नकोच असतील तर त्या नावडीपायी तो स्वतःचा नफासुद्धा सोडतो. त्यांचा विषय मुख्यतः अमेरिकेतले काळे-गोरे होता, पण हिशोब बायकांच्या पगारालाही लागू पडतो.

आता बायकांची आवड. मित्राच्या बाजूचा पुरावा आहे बरं का. निडर्ले आणि वेस्टरलुंड या दोघी अर्थतज्ज्ञांनी २००७ मध्ये प्रयोग छापला, पाच मिनिटांत बेरजा करायच्या, बायका-पुरुष दोघांनी सारख्याच केल्या, आणि मग विचारलं की प्रत्येक बरोबर बेरजेचे ठरलेले पैसे घेणार की स्पर्धा लावणार, जिंकलात तर जास्त, नाहीतर काहीच नाही. स्पर्धा निवडली ७३ टक्के पुरुषांनी आणि ३५ टक्के बायकांनी.

झालं, मित्र जिंकला? थांबा. दोन वर्षांनी नीझी, लिओनार्ड आणि लिस्ट यांनी तसाच प्रश्न टांझानियातल्या पुरुषप्रधान मसाई जमातीला आणि मेघालयातल्या खासींना विचारला, काम काय तर बादलीत टेनिस बॉल टाकायचा. मसाईंमध्ये स्पर्धा निवडणारे पुरुष ५० टक्के, बायका २६. खासींमध्ये, जिथे वंश आईकडून चालतो, बायका ५४ आणि पुरुष ३९. माणसं फार नव्हती प्रयोगात, त्यामुळे यावर इमले बांधू नका, पण ‘बायकांचा स्वभावच तसा’ म्हणणाऱ्याला एवढं पुरे.

अजून एक गोची. ‘सारख्या पदावरच्या दोघांना सारखाच पगार आहे, मग भेदभाव कुठेय’ असं कोणी म्हणालं की त्यातली बाई त्या पदापर्यंत पोचली कशी आणि बाकीच्या का नाही पोचल्या हेही बघायचं, कारण प्रमोशनच अडवलेलं असेल तर ते या तुलनेत दिसतच नाही. डेन्मार्कच्या आकडेवारीत पहिलं मूल झाल्यावर आईची कमाई लांबच्या पल्ल्यात साधारण २० टक्क्यांनी मागे पडते, बापाची जवळपास हलतही नाही. आता याला आवड म्हणायचं का, ते मित्रालाच विचारा.