बास मारून हेरिंग परत येणार नाहीत

शिकारी मासे वाढल्यामुळे नदीतले चाऱ्याचे छोटे मासे संपतात का, आणि तसे असेल तर गळकऱ्यांना जास्त शिकारी मासे नेऊ द्यावेत का, असे तुम्ही विचारले आहे. जास्त मासे नेऊ देण्याला माझा ठाम विरोध आहे, आणि अमेरिकेतल्या कनेक्टिकट नदीच्या काठी राहून मी हा वाद अनेक वर्षे घालत आलो आहे.

याच नदीवरच्या होल्योक धरणाखाली मे महिन्यात माझ्या मासेमारीतल्या जोडीदाराने नियमात बसणारा एक स्ट्राइप्ड बास, म्हणजे पट्टेवाला मोठा शिकारी मासा, काठावरच चिरला, तेव्हा पोटातून दोन ब्लूबॅक हेरिंग, म्हणजे चाऱ्याचे छोटे मासे, निघाले. बासने ते डोक्याकडून गिळलेले असल्यामुळे डोकी विरघळली होती, पण शेपटीकडचे चंदेरी खवले अजून बोटांना चिकटत होते. "हा बघ चोर," असे तो म्हणाला, आणि तेव्हापासून प्रत्येक बैठकीत तो हाच पुरावा मांडतो. आकडेही त्याला पाठ आहेत: धरणावरच्या मासे वर नेणाऱ्या लिफ्टमधून १९८५ साली सुमारे ६ लाख ३० हजार ब्लूबॅक वर गेले, २००६ साली अवघे २१, आणि बासची घटलेली संख्या सावरल्याचे जाहीर झाले ते मधल्या काळात, १९९५ मध्ये.

परंतु धरणे येण्याच्या कितीतरी आधीपासून हे दोन्ही मासे एकाच नदीत नांदत होते. अंडी घालायला समुद्रातून आलेला हेरिंगचा थवा धरणाच्या भिंतीपाशी अडून घुटमळतो आणि बासला आयते ताट मिळते. ते ताट माणसाने वाढले आहे. शिवाय समुद्रात ट्रॉलरच्या जाळ्यांत हेच हेरिंग फुकट मरतात, त्याबद्दल माझा जोडीदार चकार शब्द काढत नाही. अमेरिकेच्याच मेन राज्यातल्या केनेबेक नदीवरचे एडवर्ड्स धरण १९९९ मध्ये आणि तिच्या सेबॅस्टिकूक उपनदीवरचे फोर्ट हॅलिफॅक्स २००८ मध्ये पाडले गेले. आता तिथे नदीतले हेरिंग लाखोंनी चढतात आणि केनेबेकमध्ये बासही पूर्वीपेक्षा वरपर्यंत येतात.

आमच्याकडे येणारे बहुतेक बास हडसन नदीत आणि चेसापीक उपसागराच्या नद्यांत जन्मलेले असतात, आणि २०१९ च्या मूल्यमापनात त्यांचाच साठा धोक्याच्या पातळीखाली गेलेला आढळला. हेरिंगच्या नावाने तो आणखी घटवणे ही निव्वळ हाव आहे.

थवा फारच तुटपुंजा उरला की शिकाऱ्याचा नेहमीचा वाटाही भारी पडतो, एवढे मात्र खरे. तुमच्या नदीतला शिकारी मासा बाहेरून आणून सोडलेला असेल, तर माझे म्हणणे तसेच्या तसे लागू करू नका. तो मूळचाच असेल, तर जास्त मासे नेण्याची परवानगी मागणाऱ्याने धरणावर माशांना वाट मिळावी म्हणून कधी अर्ज केला होता का, हे आधी विचारा.