‘फिलर घेऊ की कोलेजनवालं?’

ठाण्यात, नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न अलीकडे इतक्यांदा आलाय की एकदा लिहायलाच हवं होतं. “मॅडम, चेहऱ्यावर टोचायच्या इंजेक्शनांचे स्किनच्या डॉक्टरांनी दोन पर्याय दिलेत. काय करू?” विचारणाऱ्या बहुतेक जणी पंचेचाळिशी ओलांडलेल्या, आणि डोक्यावर एखादी तारीख: मुलाचं लग्न, शाळेचं गेट-टुगेदर. मी त्वचेची डॉक्टर नाही. पण हा प्रश्न मनात कुठून उगवतो, ते शोधणं माझं काम आहे.

एकीची गोष्ट तिच्या परवानगीने सांगते, ओळख पटेल असं सगळं बदलून. वय 51, मुलीचं लग्न पाच आठवड्यांवर. पहिल्याच भेटीत एक गोष्ट दिसली. बोलता बोलता तिची दोन बोटं कानाजवळ जायची आणि गाल हलकेच वर ओढून धरायची. समोर फोनची काळी स्क्रीन आली की हमखास. तिला स्वतःला याचा पत्ताच नव्हता.

माहिती मात्र चोख, वहीत लिहून आणलेली. फिलर म्हणजे बहुतेक वेळा हायलुरोनिक आम्लाचं जेल. भरलं की लगेच उठाव येतो, साधारण सहा महिने ते दीड वर्ष टिकतो, आणि नको वाटलं तर हायलुरोनिडेझ टोचून विरघळवता येतं. दुसरं पॉली-एल-लॅक्टिक आम्लाचं. ते त्वचेलाच नवं कोलेजन बनवायला लावतं. काही आठवड्यांच्या अंतराने दोन-तीनदा घ्यायचं, फरक महिन्यांनी हळूहळू दिसतो, दोनेक वर्षं राहतो. पण ते विरघळवेल असं औषधच नाही. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं सुमारे 30 टक्के कोलेजन कमी होतं, हेही तिने अधोरेखित केलं होतं.

“मग अडतंय कुठे?”

“लग्नात मी फ्रेश दिसायलाच पाहिजे, मॅडम.”

त्या ‘च’पाशी मी थांबले. अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या विचारांवर माझी सगळी प्रॅक्टिस उभी आहे, त्यामुळे हा ‘च’ माझ्या कानातून सुटत नाही. ‘दिसलं तर बरं’ ही इच्छा झाली, ‘दिसायलाच पाहिजे’ हा हुकूम. इच्छा असली की माणूस दोन पर्याय शांतपणे तोलतो. हुकमाखाली ते जमत नाही.

“नाही दिसलात तर?”

“लोक म्हणतील, किती थकलेली दिसते.”

“असं आधी कुणी म्हणालंय?”

भिशीतली मैत्रीण म्हणाली होती, मागच्या दिवाळीत. तेव्हा आईला जाऊन महिना झाला होता. पुढच्या भेटींत बाकीचं आलं. आई चौदा महिने अंथरुणाला होती. रात्रीची जागरणं हिची, डायपर हिने बदलायचे, शिवाय सकाळी डबेही हिचेच. वजन नऊ किलो उतरलं, गाल आत गेले.

चौथ्या भेटीत मी विचारलं, “त्या मैत्रिणीने खोटं काय सांगितलं?”

ती चिडली. पर्सचा पट्टाही धरला. मी काहीच बोलले नाही. अशा वेळी गप्प राहायला मला बरीच वर्षं शिकावं लागलं. मग खिडकीकडे बघत ती म्हणाली, “थकले होतेच ना मी.” आणि रडली, बराच वेळ. बोटं मांडीवर होती.

अक्षर तेच, ‘च’. आधी त्याने हुकूम सोडला होता, आता कबुली दिली. चौदा महिने घरात कुणी विचारलं नव्हतं, तू दमलीस का? चेहऱ्याने ते सांगितलं, तर तिला चेहराच खोडायचा होता. तो दिवस मी विसरणार नाही.

माझा इंजेक्शनांना विरोध नाही. स्वतःसाठी छान दिसावंसं वाटण्यात लाज कसली? पण दुःख ताजं असताना किंवा तारखेच्या धाकात, परत फिरवता येणार नाही असा निर्णय घेऊ नका. तारीख अगदी जवळ असेल तर फिलरही नको, सूज आणि काळंनिळं पडणं दोन्हींत होतं. पार्लरमध्ये तर अजिबात टोचून घेऊ नका. त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जनच हवा. जेल चुकून रक्तवाहिनीत गेलं तर काय कराल, हे त्यांना आधी विचारा. टोचल्यावर खूप दुखलं, कातडी पांढरी पडली किंवा नजर अंधुक झाली तर मिनिटभरही न थांबता डॉक्टरांना गाठा.

लग्नात तिने काहीच करून घेतलं नाही. चार महिन्यांनी पुन्हा डॉक्टरांकडे गेली आणि कोलेजनवालं निवडलं, कारण आता कुठेही वेळेत पोचायचं नव्हतं. पाच दिवस, रोज पाच वेळा, पाच-पाच मिनिटं मसाज करायला सांगितलंय. अलार्म लावून करते. दुपारचा मसाज गॅलरीत बसून होतो, आईच्या खुर्चीत.